बँकेची प्रिलिम्स: सोलापुरातून तयारी करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आठवडाभर बँकेचं काउंटर सांभाळायचं आणि रविवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या एका अभ्यासिकेत मुलांसोबत बसायचं, असं माझं काही वर्षं चाललंय. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवते. मी स्वतः क्लार्कची परीक्षा चौथ्या खेपेला काढली, तेव्हा यातली निम्मी उत्तरं आधी चुकून मग कळलेली आहेत.

ताई, प्रिलिम्स म्हणजे नक्की काय असतं?

बँक भरतीची पहिली परीक्षा, म्हणजे चाळणी. लाखो अर्जांतून मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, बसवण्याइतकी मुलं वेगळी काढायची, एवढंच तिचं काम. आयबीपीएस ही बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था. तिच्या पीओ (अधिकारी) आणि क्लार्क दोन्हींना १०० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात: इंग्रजी ३०, गणित ३५, रीझनिंग (तर्कशक्ती) ३५. प्रत्येक विभागाला २० मिनिटं बांधून दिलेली. इंग्रजीत वाचलेली पाच मिनिटं गणिताला वापरता येत नाहीत. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणाचा पाव भाग कापतात. सोडलेल्या प्रश्नाला काही कापत नाहीत.

यातले गुण अंतिम यादीत धरत नाहीत, हे बरेच जण विसरतात. क्लार्कची निवड मेन्सच्या गुणांवर होते, पीओची मेन्स आणि मुलाखतीवर. प्रिलिम्समध्ये ९० पाडलेला आणि काठावर पास झालेला, दोघं मेन्सला एकाच रेषेवर उभे राहतात.

कोणकोणत्या परीक्षा द्यायच्या?

आयबीपीएसमार्फत ११ सरकारी बँकांची भरती होते. बँक ऑफ महाराष्ट्र, बँक ऑफ इंडिया, कॅनरा, युनियन, सेंट्रल, बडोदा या आपल्या ओळखीच्या सगळ्या त्यात आल्या. स्टेट बँक स्वतःची परीक्षा वेगळी घेते. ग्रामीण बँकांची परीक्षाही आयबीपीएसच घेते. महाराष्ट्रातल्या दोन ग्रामीण बँका १ मे २०२५ पासून एक झाल्या आणि आता एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक आहे, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. क्लार्कच्या पदाला २०२५ पासून कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. जाहिरातीत 'क्लार्क' शब्द शोधून सापडला नाही म्हणून भरती निघालीच नाही असं समजू नका. एका मुलाने खरंच तसं समजून तारीख घालवली.

वयाची अट आयबीपीएस पीओला २० ते ३०, क्लार्कला २० ते २८. ओबीसींना ३ वर्षं सवलत, एससी-एसटींना ५, दिव्यांगांना १०. पदवी कोणत्याही शाखेची चालते. बीएवाल्यांनी हे दोनदा वाचावं, कारण त्यांना ते पटत नाही.

सगळ्यांचा पॅटर्न सारखाच असतो का?

जवळजवळ. पण त्या 'जवळजवळ'मध्येच माणूस अडकतो. ग्रामीण बँकेच्या प्रिलिम्सला इंग्रजी नसतं, गणित ४० आणि रीझनिंग ४० असे ८० प्रश्न असतात. स्टेट बँकेने २०२५ च्या पीओला इंग्रजीचे ४० प्रश्न केले आणि बाकी दोन्ही ३०-३० वर आणले. आयबीपीएस पीओमध्ये त्याच वर्षी गणिताचे ३५ प्रश्न ३० गुणांना आणि रीझनिंगचे ३५ प्रश्न ४० गुणांना झाले. म्हणजे रीझनिंगचा एक प्रश्न एका गुणापेक्षा जास्तीचा. दादाने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या पॅटर्नवर विसंबू नका. दर वर्षीची जाहिरात स्वतः उघडून तक्ता बघायचा.

जाहिरात आली की अभ्यास सुरू करू का?

नको. २०२५ मध्ये पीओची जाहिरात जुलैच्या तोंडावर आली आणि प्रिलिम्स ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाली. दीड-पावणेदोन महिन्यांत पाढे, पझल (कोण कुठे बसतो, कुठल्या मजल्यावर राहतो असली कोडी) आणि इंग्रजी असं तिन्ही उभं राहत नाही. आयबीपीएस वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर काढतं. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपून होम मैदान रिकामं झालं की वही उघडायची, असं मी मुलांना सांगते. तारीख लक्षात राहते आणि हातात पाच-सहा महिने मिळतात. जाहिरातीनंतरचा काळ फक्त पेपर सोडवायला.

माझं शिक्षण मराठीतून झालंय. जमेल का?

क्लार्कचा पेपर मराठीतून देता येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीची प्रिलिम्स आणि मेन्स दोन्ही १३ प्रादेशिक भाषांतून घ्यायचं ठरवलं, त्यात मराठी आहे. ग्रामीण बँकांना ही सोय २०१९ मध्येच मिळाली. इंग्रजीचा विभाग मात्र इंग्रजीतच राहतो. आणि पीओला इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही.

माध्यम फॉर्म भरतानाच विचारतात, तेव्हा त्या वेळी विचार करून ठरवा. पेपरातलं मराठी पुस्तकी असतं. 'खालीलपैकी कोणते अनुमान तर्कसंगतपणे निघते' असलं वाक्य ३४ सेकंदांच्या प्रश्नात पहिल्यांदा वाचलं तर अर्धा वेळ ते उलगडण्यात जातो. मराठीतून देणार असाल तर सरावही मराठीतूनच करा. सराव इंग्रजीतून आणि परीक्षा मराठीतून ही खिचडी करू नका.

क्लार्कला आणखी एक गोष्ट लागते. ज्या राज्याची जागा भरता, तिथली भाषा लिहिता, वाचता आणि बोलता यायला हवी. अक्कलकोटकडची काही मुलं विचारतात, आम्ही घरी कन्नड बोलतो, मग कर्नाटकातून भरू का? कन्नड शाळेत शिकला असाल, लिहिता-वाचता येत असेल, तर विचार करायला हरकत नाही. नुसतं बोलता येत असेल तर नको. दुकानाची पाटी वाचता येणं आणि उतारा लिहिता येणं यात फार अंतर आहे.

इंग्रजीचीच भीती वाटते. काय करू?

आयबीपीएसमध्ये एकूण कटऑफ (पुढे जायला लागणारे किमान गुण) असतो, शिवाय प्रत्येक विभागाचाही असतो. माझ्या दुसऱ्या खेपेला एकूण गुण कटऑफच्या वर होते आणि इंग्रजीत मी पाव गुणाने खाली होते. पाव गुण! शेवटच्या मिनिटाला एक रिकामी जागा उगीच भरली होती, तिचाच तो पाव. निकाल बघून मी साखर पेठेतल्या मावशीकडे जाऊन बसले, कारण घरी सांगायचं धाडस होत नव्हतं.

तेव्हा इंग्रजी टाळता येत नाही, पण आपल्याला ते कुठे नडतं हे कळलं की भीती निम्मी होते. आपल्या चुका मराठीतून येतात. 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणून आपण 'डिस्कस्ड अबाउट इट' लिहितो, तिथे 'अबाउट' नको. 'मला सांगितलं' मधला 'ला' आपण 'टोल्ड टू मी' करून आणतो, 'टू' नको. 'माझा एक मित्र' याचं 'वन ऑफ माय फ्रेंड' होतं, तिथे 'फ्रेंड्स' हवं आणि क्रियापद मात्र एकवचनी. 'मला दोन भाऊ आहेत' यातल्या 'आहेत'वरून 'आय ॲम हॅविंग' सुचतं, तिथे साधं 'आय हॅव' पुरतं. चूक ओळखण्याच्या प्रश्नांत हेच फिरून फिरून येतं. अशा पन्नास-साठ चुका वहीत एका बाजूला मराठी वाक्य आणि दुसऱ्या बाजूला बरोबर इंग्रजी अशा लिहून काढा. जाड व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा मला या वहीने जास्त मार्क दिले.

उतारा वाचायची सवय ही दुसरी बाजू. रोज इंग्रजी पेपरचं अर्थविषयक एक पान, मोठ्याने, पंधरा मिनिटं. शब्द अडला तरी थांबायचं नाही, परिच्छेद संपल्यावर तो काय म्हणत होता हे एका मराठी वाक्यात सांगायचं. सांगता आलं तर समजलं. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून हे करणारी एक मुलगी ओठ हलवत वाचायची, मोठ्याने वाचता येत नाही म्हणून. चालतं.

गणित दहावीलाच सुटलं. आता?

प्रिलिम्सचं गणित आकडेमोडीच्या वेगाचं आहे. हुशारी नंतर. आधी हे पाठ हवं: ३० पर्यंत पाढे, ३० पर्यंत वर्ग, १५ पर्यंत घन आणि टक्क्यांचे अपूर्णांक. एक षष्ठांश म्हणजे १६.६७ टक्के, एक सप्तमांश १४.२९, एक अष्टमांश १२.५, एक नवमांश ११.११. ६४० चे ३७.५ टक्के विचारले तर गुणाकार मांडायचा नाही. ३७.५ म्हणजे तीन अष्टमांश. ६४० भागिले ८ म्हणजे ८०, तीन पट २४०. चार सेकंद.

घरात पाठांतर होत नसेल तर बाजारात करा. नवी पेठेत चादरीवर '२० टक्के + १० टक्के सूट' अशी पाटी दिसली की ३० टक्के म्हणायचं नाही. ५०० ची चादर आधी ४००, मग ३६०, म्हणजे सूट २८ टक्के. आई दुकानात घासाघीस करते तोवर तुमचा एक प्रश्न झाला.

संख्यामालेत आधी पुढच्या-मागच्या संख्येतलं अंतर बघा. ते विचित्र वाढत असेल तर गुणाकार आहे. ७, ८, १८, ५७, २३२ आणि पुढे काय? सुरुवात हळू आणि मग उडी, म्हणजे गुणणारा आकडा दर वेळी वाढतोय: ७ ला १ ने गुणून १ मिळवा, ८ ला २ ने गुणून २ मिळवा, १८ ला ३ ने गुणून ३. मग २३२ ला ५ ने गुणून ५, उत्तर ११६५. अर्ध्या मिनिटात धागा सापडला नाही तर पुढे चला, ती माला तुमची नाही.

क्रम सांगायचा तर आधी सरळरूप आणि अंदाजे किंमत, मग वर्गसमीकरणांची तुलना, मग संख्यामाला, मग डीआयचा, म्हणजे तक्ते-आलेखांवरच्या प्रश्नांचा, सोपा संच. शाब्दिक उदाहरणं शेवटी. वर्गसमीकरणात एक बारीक गोष्ट: एक्सच्या किमती ३ आणि ४ आल्या, वायच्या ४ आणि ५ आल्या, तर उत्तर 'एक्स लहान किंवा समान'. घाईत नुसतं 'लहान' टिचकवून आलेले दर रविवारी भेटतात.

पझल सुटत नाहीत. रीझनिंगमध्ये मार खातो.

बहुतेक सगळेच खातात, आणि बहुधा पझल न सुटल्यामुळे नव्हे, न सोडल्यामुळे. हे जरा सविस्तर सांगते.

एका मुलीचा मॉक, म्हणजे सराव पेपर, आम्ही मिनिटामिनिटाने तपासला. रीझनिंगचे २४ सोडवले, १७ बरोबर, ७ चूक, म्हणजे १७ वजा पावणेदोन, १५.२५. तिला वाटत होतं पझलचा सराव कमी पडतोय. पण वेळ बघितला तर एकाच गोलाकार बैठकीवर साडेसहा मिनिटं गेलेली. त्या पाच प्रश्नांत तीन बरोबर, दोन चूक, मिळकत अडीच गुण. आणि पेपरच्या शेवटी असमानतेचे (लहान-मोठं चिन्हांचे) पाच प्रश्न तिने उघडलेसुद्धा नव्हते. ते तिला घरी बसून दोन मिनिटं दहा सेकंदांत आले, पाचही बरोबर. म्हणजे अडीच गुणांसाठी तिने पाच गुण विकले होते.

तेव्हा पहिली पाच-सहा मिनिटं असमानता, सिलॉजिझम (विधानांवरून निष्कर्ष), दिशा, नातेसंबंध, अक्षरांची मांडणी असल्या सुट्या प्रश्नांची. मग पझल. आणि पझल सुरू करण्याआधी सूचना नुसत्या वाचून बघायच्या, पेन न उचलता. 'क चौथ्या मजल्यावर राहतो' अशी ठाम सूचना किती आहेत? अशा दोन मिळाल्या तर बसा. सगळ्या सूचना 'अ आणि ब यांच्यामध्ये जेवढे लोक, तेवढेच ड च्या वर' अशा एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या असतील, किंवा ओळीत किती माणसं आहेत हेच दिलेलं नसेल, तर तो संच शेवटासाठी ठेवा. तीन मिनिटांत आकृती निम्मी भरली नाही तर उठायचं. आता एवढं केलंच आहे तर पूर्ण करू, हा विचार २० मिनिटांच्या पेपरात फार महाग पडतो.

किती प्रश्न सोडवायला हवेत? तुक्का मारू का?

हिशोबाने ठरवा. पाच पर्याय असतात. डोळे मिटून मारलं तर पाचात एकदा बरोबर म्हणजे १ गुण, चारदा चूक म्हणजे चार पाव, तोही १ गुण. शेवटी शून्य. फायदा नाही, तोटा नाही, आणि नशीब आडवं आलं तर माझ्यासारखा पाव गुण जातो. दोन पर्याय नक्की खोडता आले आणि तीन उरले, तर तीनात एकदा १ मिळतो, दोनदा मिळून अर्धा जातो. आता मारायला अर्थ आहे. म्हणून नियम: दोन खोडले असतील तर मारा, नाहीतर हात लावू नका.

'८० तरी अटेम्प्ट व्हायला हवेत' असले आकडे मनावर घेऊ नका. पेपर अवघड असेल त्या दिवशी ६० सुद्धा भरपूर होतात.

मॉक किती द्यायचे?

आठवड्याला दोन, आणि प्रत्येकाला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट तपासायला. दिवसाला तीन मॉक देऊन स्कोअरचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणारी मुलं मी बघते. त्यांचा आलेख महिनाभर सपाट असतो. तपासताना प्रत्येक चुकीपुढे चारपैकी एक कारण लिहा: येत नव्हतं, येत होतं पण वेळ लागला, घाईत चुकलं, सोडायला हवं होतं. पहिल्या महिन्यात चौथ्या रकान्यात काहीच नसतं, कारण आपल्याला तशी सवयच नाही. शाळेत प्रश्न सोडला की मार्क जातात असं शिकलो ना आपण.

आणि मॉक मोबाइलवर देऊ नका. खरा पेपर संगणकावर माउसने असतो. घरी संगणक नसेल तर शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा नेट कॅफेत जा.

करंट अफेअर्स करू का?

प्रिलिम्सला नाही. मेन्सला हो, त्यामुळे रोज वीस मिनिटं, जास्त नको.

पुण्याला जावं की सोलापुरातच राहावं?

हा प्रश्न मुलांपेक्षा आई-वडील जास्त विचारतात. पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका आणि क्लास असं चारीकडे पैसे जातात, आणि मुलगा गेला म्हणजे अभ्यास सुरू झाला असा सगळ्यांचा समज होतो. बँकेच्या प्रिलिम्सला असं काही लागत नाही जे इथे मिळत नाही. पेपर, मॉक, शिकवणी, सगळं फोनवर आहे. घरी खरंच जागा नसेल, वातावरण नसेल, तर अभ्यासिकेची फी भरा, ती पुण्याच्या खोलीपेक्षा कितीतरी स्वस्त. पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता बैठक व्यवस्था सुटत नाही, हे मला कोणी सांगायला नको. मी तिथेच वाढले.

पीओच्या मुलाखतीच्या वेळी पुण्याला जायला हरकत नाही. तेव्हा समोर बोलायला माणसं लागतात.

क्लास लावू का?

गणित आणि रीझनिंगचा पाया अगदीच नसेल तर तीन-चार महिने लावा. फक्त पूर्ण फी एकदम भरू नका. मी भरली होती. दुसऱ्या महिन्यात गणिताचे सर सोडून गेले आणि उरलेले चार महिने आम्ही कोणीतरी फळ्यावर उतरवलेलं परत वहीत उतरवत बसलो. हप्त्याने घेत असतील तरच, आणि आधी दोन दिवस नुसतं बसून बघून.

नोकरी आणि घरकाम सांभाळून जमेल का?

जमतं, पण वेळापत्रक पाण्याच्या वेळेला धरून करावं लागतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं त्या दिवशी कधी पहाटे तर कधी रात्री. त्या दिवशी मॉक ठेवूच नका. तुकड्यातुकड्याने होणारं काम, म्हणजे पाढे आणि चुकांची वही, त्या दिवशी करा. सलग एक तास मिळेल त्या दिवशीच पूर्ण पेपर. माझ्यासोबत एक ताई होत्या, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहायच्या. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन उरलेल्या वीस मिनिटांत रोज एक विभाग सोडवायच्या, घड्याळ लावून. वीस मिनिटांचा विभाग आहे म्हणून ते शक्य होतं. त्या माझ्या आधी लागल्या.

एमपीएससीसोबत करता येईल का?

करणारे बरेच आहेत, होणारे कमी. एमपीएससीला वाचन आणि लक्षात ठेवणं, इथे वेग. वेग दोन महिने सोडला की गंजतो. दोन्ही करायचंच असेल तर गणित-रीझनिंग रोज तासभर सुटू देऊ नका.

जातीचा दाखला कोणता लागतो?

इथे फार जण फसतात. ही केंद्राच्या नियमांची भरती आहे. राज्यातले एनटी, व्हीजे, एसबीसी हे कप्पे इथे नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी म्हणून भरायचं. उदाहरणार्थ धनगर समाज राज्यात एनटी-सी, केंद्रात ओबीसी. राज्याने २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेलं एसईबीसी आरक्षणही केंद्राच्या भरतीत चालत नाही. त्यांनी खुल्या प्रवर्गातून भरावं, किंवा आठ लाखांच्या आतलं उत्पन्न आणि बाकी अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला काढावा.

सेतूत अर्ज करताना 'केंद्र शासनाच्या नोकरीसाठीचा नमुना' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचा देतात. नॉन क्रिमीलेअर चालू मुदतीतलं हवं. हे काम मुलाखतीचं पत्र आल्यावर काढायला गेलात तर तहसीलच्या पायऱ्यांवरच मुदत संपेल.

फॉर्म भरताना काय चुकतं?

नाव. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. फॉर्म, ओळखपत्र आणि कॉल लेटर यांत फरक दिसला तर केंद्रावर अडवतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र, राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी मूळ कागद सोबत न्यायचा.

हस्तलिखित घोषणापत्र इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात आणि कॅपिटल अक्षरांत नको. सहीसुद्धा कॅपिटलमध्ये नको. नेट कॅफेवाला 'मी लिहून देतो' म्हणाला तर त्याला थांबवा, पुढे हस्ताक्षर जुळवतात. आयबीपीएसची फी खुल्या आणि ओबीसींना ८५०, एससी, एसटी, दिव्यांगांना १७५ रुपये आहे.

मोबाइलचा हप्ता थकलाय. त्याने काही होतं का?

परीक्षेला नाही, रुजू होताना होऊ शकतं. बँका कर्जाचा इतिहास बघतात. ॲपवरून घेतलेलं दोन-पाच हजारांचं कर्जही त्यात दिसतं. आत्ताच फेडून नाहरकत पत्र घेऊन ठेवा.

दुसऱ्या शिफ्टचा पेपर सोपा होता म्हणे. मग अन्याय नाही का?

वेगवेगळ्या शिफ्टमधले गुण समान पातळीवर आणून मगच यादी लावतात. तुमच्या हातात नाही, सोडून द्या.

परीक्षेच्या दिवशी काय काय न्यायचं?

फोटो चिकटवलेलं कॉल लेटर, मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि पेन. रेशन कार्ड आणि शिकाऊ लायसन्स ओळखपत्र म्हणून चालत नाही. कॅल्क्युलेटर, घड्याळ, मोबाइल आत नाही. कच्चं काम करायला कागद तिथेच मिळतो. बोटांचे ठसे घेतात, तेव्हा बहिणीचं लग्न असलं तरी त्या आठवड्यात हाताला मेंदी नको.

सोलापूर केंद्र मिळालं तरी ते शहराच्या मधोमध असेलच असं नाही. बहुतेक वेळा बाहेरच्या रस्त्यावरचं एखादं इंजिनिअरिंग कॉलेज असतं, आणि रिक्षावाला तिथून परत येताना सवारी मिळत नाही म्हणून दुप्पट मागतो. करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी पहिली शिफ्ट असेल तर पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. आदल्या रात्रीच या, कोणाकडे तरी टेका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत ठेवली की बाहेरचं खायची वेळ येत नाही, आणि पोट बिघडायची भीतीही नाही.

पेपर झाल्यावर कटऑफचे व्हिडिओ बघू का?

एक बघा, मन भरेल. दुसरा बघितलात तर संध्याकाळ जाईल. निकालाची वाट न बघता दुसऱ्या दिवशी मेन्सची पुस्तकं उघडा, कारण निकाल आणि मेन्स यांच्यामध्ये दिवस फार थोडे मिळतात. पीओवाल्यांनी इंग्रजी टायपिंग सुरू करावं, त्यांना इंग्रजीतली लेखी उत्तरं संगणकावर टाइप करायची असतात. आणि मेन्सला केंद्रं कमी असतात, तेव्हा पुणं मिळेल असं धरून चला. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस निघून पुण्याला पोचेपर्यंत सकाळची शिफ्ट सुरू झालेली असते. पुण्यात हडपसर, चिंचवड कुठेही एखादा मामा, आत्या, वर्गमित्र असेल तर आजच फोन करून ठेवा.